पान पिवळं पडलं म्हणून घाबरू नका, हिरवं राहिलं म्हणून हुरळू नका

मागच्या अंकात या सदरात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की धान्याच्या पिकाचं पान पिकतं तेव्हा ते मरत नसतं, आवराआवर करत असतं, स्वतःकडचा माल दाण्याकडे पाठवत असतं. त्या दोन-चार ओळींवर एवढे प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. एका वाचकाने माझी चूक पण पकडलीय, ती खाली आहे, गुपचूप दुरुस्त करून टाकलेली नाही.

प्रश्न : ताई, गहू निसवला की खालची पानं पिवळी पडायला लागतात आणि दाणे भरत आले की सगळ्यात वरचं झेंडा पान पण जातं. एवढं हिरवंगार पीक बघता बघता वाळतं कसं? युरिया कमी पडला का करपा आला? दरवेळी पोटात गोळा येतो.

गोळा येऊ देऊ नका, आधी एक पान तोडा आणि उजेडासमोर धरा. गहू, भात, मका, ज्वारी ही सगळी गवताच्या कुळातली, आणि यांच्या पानाची वाढ बुडातून होते, म्हणजे टोक आधी तयार झालेलं असतं आणि बुड सगळ्यात शेवटी, त्यामुळे एकाच पानात टोक म्हातारं आणि बुड तरुण असा प्रकार असतो. वयाने पिकणारं पान म्हणून टोकाकडून खाली पिवळं होत येतं. उजेडात नीट बघितलंत तर पिवळ्या भागातही शिरांच्या कडेने बारीक हिरव्या रेघा दिसतील, शिरा बहुतेक वेळा उशिरा जातात, आणि ते बरंच आहे कारण माल बाहेर न्यायचा रस्ता तोच आहे, रस्ताच आधी उखडला तर न्यायचं कुठून.

करपा असेल तर ठिपके असतात, त्यांना कड असते आणि ते कुठेही सुरू होतात. तांबेरा असेल तर बोट फिरवल्यावर बोटाला भुकटी लागते. पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा जळतात, लोह किंवा गंधक कमी असेल तर उलटं, नवीन कोवळी पानं आधी फिकी पडतात. आता नत्राचं जरा अवघड आहे, कारण नत्र कमी पडलं तरी खालचं जुनं पानच आधी पिवळं पडतं, मक्यात तर टोकाकडून मधल्या शिरेवरून इंग्रजी व्ही आकारात आत येतं. हे वयाच्या पिवळेपणासारखं दिसतं कारण बऱ्याच अंशी ते तेच असतं! झाडाला नत्राची चणचण भासली की ते म्हातारपणाचाच कार्यक्रम लवकर सुरू करतं, जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. त्यामुळे फरक वेळेवरून ओळखायचा. पोटरीच्या आधीच, म्हणजे ओंबी खोडात फुगायच्याही आधी, खालची तीन-चार पानं गेली तर नत्राकडे बघा. निसवल्यावर, दाणे भरताना, सगळ्या झाडांवर साधारण एकाच उंचीची पानं एकाच वेळी चालली असतील तर ते ठरल्याप्रमाणे चाललंय. फुलोऱ्याच्या आसपास मिळालेल्या नत्राने पान थोडं जास्त टिकतं आणि दाण्यातलं प्रोटीनही थोडं वाढू शकतं, पण दाणे घट्ट होत आल्यावर घाबरून टाकलेला युरिया म्हणजे गाडी सुटल्यावर काढलेलं तिकीट.

आणि "बघता बघता" म्हणताय तेही खरंय, कारण गहू हे एकदाच फळून संपणारं पीक आहे, म्हणजे एकेक पान आपल्या वयाने जातं ते वेगळं आणि दाणे भरत आल्यावर सगळं झाडच एकदम आवरायला घेतं ते वेगळं. हे दुसरं सुरू झालं की वरचं पान कितीही तरुण असो, त्याची सुटका नाही.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की हरितद्रव्य मोडून त्यातलं नत्र दाण्यात जातं. मी वनस्पतीशास्त्र शिकवतो, हे चूक आहे. कृपया दुरुस्ती छापावी.

छापली. सर, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि माझी चूक आळशीपणाची होती, कारण पिवळं पडणं डोळ्याला दिसतं म्हणून सगळी गोष्ट हरितद्रव्याचीच आहे असं वाटत राहतं. खरा हिशोब असा आहे, गव्हाभातासारख्या पिकात पानातलं साधारण ७५ टक्के नत्र हरितलवकात, म्हणजे क्लोरोप्लास्टमध्ये असतं, पण ते मुख्यतः प्रोटीनच्या रूपात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं गाठोडं म्हणजे रुबिस्को, हवेतला कार्बन पकडणारं एन्झाइम. हरितद्रव्याच्या एका रेणूत नत्राचे फक्त ४ अणू, आणि तेही झाड परत घेत नाही, तुकडे करून पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, व्हॅक्युओलमध्ये टाकून देतं.

मग ते मोडायचा खटाटोप कशाला? तर हरितद्रव्य प्रोटीनला चिकटून बसलेलं असतं, ते काढल्याशिवाय ती प्रोटीनं मोकळी होत नाहीत. आणि नुसतं सोडून दिलं तर ते उजेडात धोकादायक आहे, उघड्या वायरसारखं, प्रकाश खात राहतं आणि ती ऊर्जा द्यायला कोणी नसल्यामुळे पेशीच जाळतं. म्हणून झाड ते टप्प्याटप्प्याने निकामी करतं. आधी रेणूच्या मधला मॅग्नेशियम काढतात, मग रेणूची शेपटी तोडतात, मग पीएओ नावाचं एन्झाइम त्याचं कडं फोडतं, आणि शेवटी निरुपद्रवी रंगहीन पदार्थ उरतो. हा रंगहीन पदार्थ नेमका कसा आहे ते १९९१ मध्ये पहिल्यांदा उलगडलं आणि ते बार्लीच्या पानातून, त्याआधी हिरवा रंग जातो कुठे हे कोडंच होतं. आपल्याला जो पिवळा दिसतो तो नवीन तयार झालेला नसतो, कॅरोटिनॉइड नावाची पिवळी रंगद्रव्यं आधीपासून तिथेच असतात, हिरव्याखाली झाकलेली.

हे टप्पे किती महत्त्वाचे ते मक्याच्या एका म्युटंटवरून, म्हणजे जनुक बिघडलेल्या झाडावरून कळतं. त्याचं नाव लीथल लीफ स्पॉट १, पानावर जळाल्यासारखे डाग पडतात आणि ते पसरत जातात, रोग असावा असंच वाटतं, पण बुरशी नाही का जंतू नाही. पुढे कळलं की त्याच्यात हे कडं फोडणारं पीएओचंच जनुक बिघडलंय. म्हणजे अर्धवट मोडलेलं हरितद्रव्य साठतं आणि उजेड पडला की पान आतून भाजतं.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. आम्हाला एनएएम-बी१ जनुकाबद्दल एका वाक्यात सांगितलं की "हे जनुक गव्हाचं पान लवकर पिकवतं आणि आधुनिक गव्हात ते बंद आहे". लवकर पिकणं वाईट मग बंद झालं ते चांगलंच ना? आणि बंद आहे तर आजचा गहू पिकतो कसा?

एका वाक्यात सांगितलं म्हणूनच गोंधळ झाला, ही गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे.

जंगली एमर नावाचा गहू आहे, आजच्या गव्हाच्या पूर्वजांपैकी एक, अजूनही पश्चिम आशियात डोंगरउतारावर आपोआप उगवतो. त्याच्या दाण्यात प्रोटीन जास्त असतं हे माहीत होतं, आणि ते गुणसूत्र ६बी च्या एका तुकड्यामुळे हे पण कळलं होतं, त्या जागेला नाव दिलं जीपीसी-बी१, म्हणजे दाण्यातल्या प्रोटीनची जागा. नावावरून वाटेल की हे दाण्यात काम करणारं काहीतरी असणार. २००६ मध्ये उआउय, दुबकोव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक हातात घेतलं तर ते निघालं पानाच्या म्हातारपणाचं! एनएएम-बी१ हे इतर जनुकांची बटणं चालू करणारं प्रोटीन बनवतं, ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, आणि ते चालू असेल तर पान काही दिवस आधी पिकतं आणि पानातलं नत्र, जस्त, लोह जास्त प्रमाणात दाण्याकडे जातं. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. लवकर पिकणं म्हणजे लवकर आणि नीट आवरणं.

गव्हात दाण्यातलं ६० ते ९५ टक्के नत्र हे फुलोऱ्याच्या आधीच झाडाने गोळा करून पानाखोडात ठेवलेलं असतं, मुळांनी नंतर उचललेलं थोडंच. म्हणजे पानाने वेळेत दिलं नाही तर दाण्याला दुसरीकडून फारसं मिळत नाही.

आता बंद कसं झालं. पास्त्याच्या ड्युरम गव्हात या जनुकात फक्त १ अक्षर जास्तीचं घुसलंय, आणि जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचतात त्यामुळे एक अक्षर घुसलं की पुढचं सगळं वाचन सरकतं, प्रोटीन बिनकामाचं. ब्रेडच्या गव्हात कुठे हाच बिघाड तर कुठे अख्खं जनुकच गायब. का गेलं यावर एक अंदाज असा की उशिरा पिकणाऱ्या झाडाचा दाणा पिष्टाने जास्त भरतो, टपोरा दिसतो, माणूस बियाण्याला टपोरा दाणा ठेवतो, आणि प्रोटीन तर डोळ्याला दिसत नाही. मला हा अंदाज पटतो पण तो अंदाजच आहे, पेपरात सिद्ध झालेलं म्हणून लिहू नकोस. गंमत म्हणजे उत्तर युरोपातल्या, फिनलंड-स्वीडनकडच्या काही जुन्या गव्हांमध्ये चालू असलेलं जनुक सापडलं, तिथे उन्हाळा एवढा तोकडा की लवकर आवरणाऱ्याचीच चलती.

उरलेलं अर्धं उत्तर, बंद असूनही गहू पिकतो कसा. ब्रेडच्या गव्हात तीन पूर्वजांचे गुणसूत्रांचे तीन संच आहेत, ए, बी आणि डी, त्यामुळे बहुतेक जनुकांची भावंडं असतात. बी१ गेलं तरी ए१, डी१ वगैरे काम करतायत. उआउय, दुबकोव्हस्की यांच्याच गटाने मग आरएनएआय, म्हणजे जनुकाचं काम दाबायची पद्धत, वापरून सगळ्या भावंडांचा आवाज एकदम कमी केला, तर पान ३ आठवड्यांपेक्षा जास्त काळ हिरवं राहिलं आणि दाण्यातलं प्रोटीन, जस्त, लोह तिन्ही ३० टक्क्यांहून जास्त घटलं. हा आकडा लक्षात ठेव, पुढच्या एका प्रश्नात परत लागणार आहे.

प्रश्न : बियाण्याच्या पिशवीवर "स्टे-ग्रीन वाण" असं लिहिलेलं असतं. शेवटपर्यंत हिरवं म्हणजे शेवटपर्यंत दाणा भरणार, असं समजायचं का?

नाही. हिरवं दिसणं आणि काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानाचा दिवा चालू आहे म्हणजे दुकान चालू आहे असं नाही.

थॉमस आणि होवार्थ यांनी २००० साली हिरवं राहण्याचे पाच प्रकार सांगितले. काही झाडं आवरायलाच उशिरा घेतात, काही वेळेवर घेतात पण सावकाश आवरतात, या दोघांचा फायदा होऊ शकतो. तिसऱ्या प्रकारात आत सगळं बंद पडलेलं, प्रकाशसंश्लेषण थांबलेलं, फक्त हिरवा रंग मोडणारी साखळी तुटल्यामुळे पान हिरवं दिसतंय. चौथा प्रकार म्हणजे पान लवकर मेलं आणि रंग तसाच राहिला, वाळवलेल्या पाल्यासारखा. आणि पाचवा, मुळातच जास्त हिरवं, मग फिकं पडायला वेळ लागतोच.

या तिसऱ्या, नुसत्या दिखाऊ प्रकाराचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण तुम्ही शाळेत शिकलाय पण तुम्हाला माहीत नाही! मेंडेलच्या पिवळ्या आणि हिरव्या वाटाण्याच्या दाण्यातला जो हिरवा आहे ना, तो याच साखळीतल्या एसजीआर नावाच्या जनुकाच्या बिघाडामुळे, हे २००७ मध्ये कळलं, मेंडेलचा निबंध छापून तेव्हा १४० वर्षं होऊन गेली होती. आणि एसजीआर नेमकं करतं काय हे २०१६ ला स्पष्ट झालं, वर सरांच्या उत्तरात मॅग्नेशियम काढायचा जो टप्पा लिहिलाय तो त्याचाच. भातातही हेच जनुक आहे, आणि २०२० मध्ये दिसलं की भाताच्या दोन मोठ्या प्रकारांपैकी इंडिका हा जपोनिकापेक्षा लवकर पिकतो त्यात या जनुकाच्या आधीच्या भागाचा, म्हणजे ते कधी आणि किती जोरात चालू करायचं ते ठरवणाऱ्या तुकड्याचा हात आहे. तिथे जनुक मोडलेलं नाही, नुसतं बटण इकडे तिकडे, आणि जपोनिकाचं बटण इंडिकात आणलं तर उत्पादनही वाढलं. म्हणजे तेच जनुक तोडलं तर दिखावा आणि त्याची वेळ बदलली तर फायदा.

ज्वारीत मात्र स्टे-ग्रीनची गोष्ट खरोखर कामाची आहे आणि ती पानातून सुरूच होत नाही. इथिओपियातल्या दुर्रा ज्वारीपासून आलेली बी३५ नावाची ओळ, म्हणजे पैदाशीसाठी जपलेलं शुद्ध बियाणं आहे, तिच्यात गुणसूत्रांवर एसटीजी१ ते एसटीजी४ अशा ४ जागा सापडल्या. ऑस्ट्रेलियात बोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मोजमापं घेतली तेव्हा दिसलं की या जागा असलेली झाडं फुटवे कमी काढतात, वरची पानं लहान ठेवतात, त्यामुळे फुलोऱ्याच्या आधी पाणी कमी पितात, आणि जमिनीत उरलेलं ते पाणी दाणे भरताना कामी येतं. पान हिरवं राहतं कारण झाड तहानलेलं नाही. अशी ज्वारी लोळतेही कमी आणि तिला खडखड्या, हा खोड कुजवणारा बुरशीचा रोग, तोही कमी लागतो, कारण ताणात झाड दाणे भरायला खोड पोखरून खात नाही. पण नीट वाचा, हा फायदा पाणी शेवटी तुटणार असेल तेव्हाचा आहे, पाणी भरपूर असेल तर कमी फुटवे म्हणजे कमी कणसं.

त्यामुळे पिशवीवर नुसतं स्टे-ग्रीन लिहिलेलं असेल तर विचारा, दाण्याचं वजन काय, कुठल्या परिस्थितीत. रंगाचं कौतुक करणाऱ्याकडे बहुतेक वेळा याचं उत्तर नसतं.

प्रश्न : प्रयोग म्हणून मक्याच्या काही कणसांना स्त्रीकेसर बाहेर यायच्या आधीच पिशव्या बांधल्या, परागण होऊच दिलं नाही. वाटलं दाणेच नाहीत तर पान कोणाला द्यायचं, जास्त दिवस हिरवं राहील. झालं उलटंच, तीच झाडं आधी लालसर होऊन गेली. माझं काही चुकलं का?

काही चुकलं नाही, उलट चांगला प्रयोग केलात. बी७३ या मक्याच्या नामांकित ओळीत हेच होतं. दाणे नाहीत म्हणून पानाने बनवलेली साखर जायला जागा नाही, ती पानात तुंबते, आणि साखर तुंबली की पान समजतं माझं काम झालं. लालसर रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तोही साखर साठल्यावर वाढतो. पण पीएचजी३५ नावाची दुसरी ओळ घेतली तर तिच्यात असं घाईचं म्हातारपण येत नाही, म्हणजे साखरेचा निरोप किती मनावर घ्यायचा हे पण जनुकांवर आहे. आणि सोयाबीनच्या शेंगा तोडत राहिलं तर तुम्हाला वाटलं होतं तसंच होतं, पान हिरवं राहतं. म्हणून एका पिकावरचा अंदाज दुसऱ्याला लावताना जपून.

प्रश्न : पिकायला लागलेलं पान परत हिरवं करता येतं का?

एका मर्यादेपर्यंत हो. बार्लीच्या कोवळ्या पानाचे तुकडे पाण्यावर तरंगत अंधारात ठेवा, तीन-चार दिवसात पिवळे होतात, त्या पाण्यात सायटोकायनिन हे संप्रेरक थोडं असेल तर बराच काळ हिरवे राहतात, तोडलेल्या पानावर हा परिणाम रिचमंड आणि लँग यांनी १९५७ मध्येच दाखवला होता. तंबाखूच्या जातीत तर खालची पार पिवळी झालेली पानं, वरचा शेंडा छाटून आणि सायटोकायनिन देऊन पुन्हा हिरवी केलेली आहेत. पण पेशी फुटायला लागल्या, पान तपकिरी झालं की संपलं.

प्रश्न : मग जनुक बदलून म्हातारपणच काढून टाकायचं ना, एवढं का ताणताय?

केलंय की लोकांनी. १९९५ मध्ये गॅन आणि अमासिनो यांनी तंबाखूत फार हुशार जुगाड केला, म्हातारपणी चालू होणाऱ्या जनुकाचं बटण काढून ते सायटोकायनिन बनवणाऱ्या जनुकाला जोडलं, म्हणजे पान पिकायला लागलं की स्वतःच औषध बनवतं, पिकणं थांबलं की बटण बंद, औषध बंद. झाडं बघण्यासारखी हिरवी राहिली. मग हाच जुगाड गव्हात केला, २००८ चं काम आहे, पान उशिरा पिकलं, नत्र उचलणंही वाढलं, पण दाण्याचं उत्पादन? जिथल्या तिथे. वर ज्या गव्हाचं पान ३ आठवडे जास्त हिरवं राहिलं म्हटलं त्याचीही २०१५ मध्ये तपासणी झाली, पान खरोखर काम करत होतं, दिखावा नव्हता, तरी दाण्यातला पिष्ट वाढला नाही, जास्तीची साखर खोडात पडून राहिली. गव्हात अडचण पुरवठ्याची नव्हतीच, दाण्याची साठवायची ताकद संपली होती. गोदाम भरल्यावर ट्रक कितीही पाठवा.

भातात मात्र २०१४ मध्ये ओएसएनएपी नावाचं, एनएएम-बी१ च्याच कुळातलं जनुक थोडं दाबलं तर दाणे भरायला जास्त दिवस मिळाले आणि दोन ओळींमध्ये उत्पादन ६.३ आणि १०.३ टक्क्यांनी वाढलं. तिथे गोदामात जागा होती असं म्हणू या. म्हणून "म्हातारपण काढून टाका" याला माझं उत्तर, कुठल्या पिकात, दाणा किती मोठा होऊ शकतो, शेवटी पाणी आहे का, आणि तुम्हाला पिष्ट हवंय का प्रोटीन, हे आधी सांगा.

जागा संपली. बाजरीवर दोन प्रश्न राहिलेत, ते पुढच्या अंकात घेते.